पुढच्या पावलाची माहिती

दृष्टी नसलेल्या किंवा अगदी अपुरी असलेल्या माणसाने एकट्याने घराबाहेर पडावे, बस पकडावी, रस्ता ओलांडावा आणि ठरल्या वेळी ठरल्या जागी पोहोचावे, याकडे समाज बहुधा धाडस म्हणून पाहतो, क्वचित दैवी देणगी म्हणूनही पाहतो. वस्तुतः पोहणे जसे शिकावे लागते तसेच हेही टप्प्याटप्प्याने शिकण्याचे कौशल्य आहे, त्याची तंत्रे ठरलेली आहेत आणि ती शिकवणारे प्रशिक्षित शिक्षकही आहेत. दृष्टिबाधितांच्या संस्थांमध्ये या विषयाला सगळेजण थोडक्यात ‘मोबिलिटी’ म्हणतात. त्याचे दोन भाग पडतात. आपण या क्षणी नेमके कोठे आहोत, आपले तोंड कोणत्या दिशेला आहे आणि जायचे ठिकाण येथून कोणीकडे आहे, हे सतत उमगत राहणे म्हणजे दिशाज्ञान; आणि तेथपर्यंत न धडपडता, न आपटता प्रत्यक्ष चालत जाणे म्हणजे चलनवलन. डोळस माणसाला या दोन्ही गोष्टी एका नजरेत साधत असल्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे त्याच्या लक्षातही येत नाही. नजर काढून घेतली की कळते, की सुरक्षितपणा हा मुख्यतः माहितीचा प्रश्न आहे: पाऊल पडण्यापूर्वी त्या पावलाखाली काय आहे हे ज्याला समजते तो सुरक्षित असतो, मग ती माहिती डोळ्याने मिळो, कानाने मिळो वा काठीच्या टोकाने.

हे शिक्षण केवळ पूर्ण अंध व्यक्तींसाठी असते, हा समजही दुरुस्त करायला हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या वेगवेगळ्या व्याख्या केल्या आहेत. चष्मा वगैरे शक्य ती सर्व सुधारणा केल्यानंतरही चांगल्या डोळ्याची दृष्टी 3/60 पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसणारे अक्षर 3 मीटरवरूनही दिसत नसेल, किंवा दृष्टिक्षेत्र 10 अंशांहून कमी उरले असेल, तर कायद्याच्या लेखी ते अंधत्व होय. दृष्टी 6/18 ते 3/60 या टप्प्यात असेल, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांच्या आत आणि 10 अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. दृष्टिक्षेत्र म्हणजे नजर एका जागी स्थिर ठेवून भोवतालचा जेवढा भाग दिसतो तेवढा. निरोगी दोन डोळ्यांना आडवा मिळून तो सुमारे 180 अंश दिसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे 10 अंशांचे जग किती निमुळते असेल याची कल्पना येते.

अल्पदृष्टीचे प्रकार मात्र आकड्यांत मावत नाहीत, आणि प्रवासाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे असतात. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आनुवंशिक विकारात दृष्टिपटलाच्या कडेच्या पेशी आधी निकामी होतात, त्यामुळे समोरच्या फलकावरची अक्षरे वाचता येणाऱ्या माणसाला पायाशी पडलेला दगड दिसत नाही आणि दिवेलागणीनंतर तर जवळजवळ काहीच दिसत नाही. काचबिंदूतही बहुधा कडेची दृष्टी आधी जाते. उलट, दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज झालेल्या वृद्धाला चालताना फारशी अडचण येत नाही, पण समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा आणि बसचा क्रमांक त्याला ओळखता येत नाही. अशा व्यक्तीला नजर किंचित बाजूला वळवून, शाबूत राहिलेल्या कडेच्या भागाने पाहण्याची सवय लावता येते, आणि बसचा क्रमांक वाचण्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण वापरता येते. रंगभेदाचा उपयोगही मोठा असतो. राखाडी पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा ओढला की तोच जिना अनेकांसाठी एकदम सुरक्षित होतो, आणि त्याला खर्च रंगाच्या एका डब्याचा येतो.

अल्पदृष्टी असलेल्यांची खरी कुचंबणा वेगळीच असते. काठी हातात घेतली की लोक पूर्ण अंध समजतात, न घेतली तर धक्का लागलेला माणूस ‘दिसत नाही का?’ म्हणून अंगावर येतो, आणि काठी काखेला लावून मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागले की सोंगाचा संशय घेतला जातो. या सगळ्याला कंटाळून कित्येकजण काठी पिशवीतच ठेवतात आणि अंदाजाने चालतात. अपघात होतात ते बहुधा अशा अंदाजामुळे. म्हणूनच अनेक प्रशिक्षक अल्पदृष्टी असलेल्यांना काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवतात. उरलेली दृष्टी नाकारण्याचा हेतू त्यामागे नसतो. काठी आणि कान यांच्यावर एकदा विश्वास बसला की जेवढे दिसते तेवढ्याचा वापरही निर्धास्तपणे होतो, आणि दृष्टी आणखी उतरली तरी माणूस घरात बसत नाही.

ज्या काठीची लाज वाटते तिच्यामागे मोठा विचार आहे. आंधळ्याच्या हातातली काठी पुरातन असली तरी तिचा पांढरा रंग विसाव्या शतकातला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली, आणि वाहनचालकांना आपण दिसावे म्हणून त्यांनी 1921 मध्ये आपली काठी पांढरी रंगवली. पुढे पॅरिसमध्ये आणि अमेरिकेत 1930च्या सुमारास या कल्पनेचा प्रसार झाला. पण तोवर पांढरी काठी ही इतरांना दिलेली सूचना होती; ती धरणाऱ्याला स्वतःला तिच्यापासून फारशी माहिती मिळत नव्हती. तो बदल दुसऱ्या महायुद्धाने घडवला. युद्धात डोळे गमावलेले तरुण सैनिक पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा तेथे रिचर्ड हूव्हर हे सार्जंट काम करत होते. सैन्यात येण्यापूर्वी ते मेरीलँडच्या अंधशाळेत शिक्षक होते. आधारासाठी वापरायची आखूड, जड लाकडी काठी अंध माणसाच्या कामाची नाही, त्याला भार टेकण्यासाठी काठी नको असून पुढची जमीन चाचपण्यासाठी हवी आहे, हे त्यांनी ओळखले आणि 1944 मध्ये लांब, हलकी काठी व ती फिरवण्याची एक शिस्तबद्ध पद्धत तयार केली. व्हॅली फोर्जलाच पुनर्वसन झालेले रसेल विल्यम्स हे युद्धात अंध झालेले सैनिक 1948 मध्ये शिकागोजवळच्या हाइन्स येथील रुग्णालयात माजी सैनिकांसाठी सुरू झालेल्या अंध पुनर्वसन केंद्राचे प्रमुख झाले, आणि हूव्हरांच्या पद्धतीला तेथे संपूर्ण अभ्यासक्रमाचे रूप आले. 1960 मध्ये बॉस्टन कॉलेजात असे प्रशिक्षक घडवणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम सुरू झाला. हे हूव्हर पुढे नेत्रवैद्य झाले.

ही पद्धत पाहायला साधी आहे. काठी उभी धरली असता साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोहोचावी, असे पारंपरिक माप सांगतात; अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्याच संघटनेतील लोक त्याहून लांब, हनुवटी किंवा नाकापर्यंत येणारी काठी पसंत करतात, कारण काठी जितकी लांब तितकी सूचना लवकर मिळते आणि चालण्याचा वेग वाढवता येतो. मूठ शरीराच्या मध्यरेषेवर, बेंबीसमोर धरायची आणि केवळ मनगटाच्या हालचालीने टोक डावीकडून उजवीकडे असे फिरवायचे, की त्याची कमान खांद्यांच्या रुंदीहून दोन्ही बाजूंना जराशी जास्त भरेल. टोक जमिनीपासून फार उचलायचे नाही. उजवा पाय पुढे पडत असताना टोक डावीकडे टेकते, डावा पडत असताना उजवीकडे; म्हणजे ज्या जागी टोक आत्ता टेकले त्याच जागी पुढचे पाऊल पडते, आणि प्रत्येक पाऊल आधी तपासलेल्या जमिनीवरच पडत जाते. पाय आणि टोक यांची ही फुगडी चुकली, दोन्ही एकाच बाजूला जाऊ लागली, की निम्मी पावले न तपासलेल्या जमिनीवर पडतात; नवशिक्याची ही चूक घालवण्यात प्रशिक्षकांचे पुष्कळ तास जातात. खाचखळग्यांच्या रस्त्यावर टोक न उचलता जमिनीवरून सरकवत नेणे अधिक बरे. उतरता जिना आला की टोक अचानक खाली जाते. तेव्हा थांबायचे, टोकाने पहिल्या पायरीची कड शोधून पाय त्या कडेशी आणायचे, पायरीची उंची आणि रुंदी मोजायची, आणि मग टोक पुढच्या पायरीच्या कडेवर ठेवत उतरायचे. टोक जमिनीवर सपाट सरकले की जिना संपला.

काठीला मर्यादा आहेत. कमरेच्या वर लोंबणारी झाडाची फांदी, पदपथावर पुढे आलेली खिडकीची जाळी, उभ्या टेम्पोचा उघडा फाळका तिला सापडत नाही, कारण त्यांच्याखालची जमीन मोकळी असते. दिल्लीच्या आयआयटीमध्ये विकसित झालेली आणि 2014 मध्ये बाजारात आलेली ‘स्मार्टकेन’ नेमकी हीच उणीव भरून काढते: मुठीवरच्या उपकरणातून निघणाऱ्या श्राव्यातीत ध्वनिलहरी अडथळ्यावर आपटून परतल्या की मूठ थरथरते. मोबाईलमधील नकाशा रस्त्याचे नाव आणि वळण सांगतो, पण त्याची अचूकता काही मीटरांची असते आणि उघडे गटार तर अवघ्या दोन फुटांचे. म्हणून उपकरणांचा क्रम काठीच्या नंतर लागतो, आधी नाही, असा आग्रह जाणते प्रशिक्षक धरतात आणि तो रास्त आहे. वाटाड्या कुत्र्याची मदत पाश्चात्त्य देशांत अनेकजण घेतात, अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था 1929 पासून अशी कुत्री तयार करत आली आहे. पण कुत्रा अडथळा चुकवतो, रस्ता ठरवत नाही. कोठे वळायचे हे माणसालाच ठाऊक असावे लागते.

कानाचे काम केवळ आवाज ऐकण्याचे नसते. काही अंध व्यक्तींना भिंतीला हात लागण्यापूर्वीच ती जाणवते, आणि ही जाणीव चेहऱ्याच्या त्वचेला होते असे फार काळ मानले जाई. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कार्ल डॅलनबाख यांच्या मार्गदर्शनाखाली, स्वतः अंध असलेले मायकेल सुपा आणि त्यांचे सहकारी मिल्टन कॉटझिन यांनी 1944 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजाचा निकाल लावला. चेहरा पूर्ण झाकला तरी चालणाऱ्यांना भिंत कळत होती. कान बंद केले मात्र, ते भिंतीवर जाऊन आपटू लागले. पावलांचा किंवा काठीचा आवाज भिंतीवरून परततो, मोकळ्या जागी विरून जातो, आणि मेंदू या फरकाचा अर्थ लावतो. इमारतींच्या रांगेत बोळ आला की हा आवाज एकदम उघडा होतो, बस थांब्याची शेड आली की तो दाटतो. हे कान ‘अधिक तीक्ष्ण’ झाल्यामुळे घडते असे नाही. लक्ष देण्याच्या सरावाने घडते, आणि म्हणून ते शिकवता येते.

या सर्व माहितीतून मनात नकाशा बांधायचा असतो, आणि मोबिलिटीतील सर्वांत अवघड व सर्वांत आनंदाचा भाग हाच आहे. प्रशिक्षक कायमच्या खुणा आणि तात्पुरत्या खुणा असा भेद शिकवतात. रेल्वे स्थानकाबाहेरचा उतार, गटारावरची लोखंडी जाळी, फरशी संपून डांबर सुरू होण्याची जागा या खुणा सकाळी असतात, रात्रीही असतात. पिठाच्या गिरणीची घरघर, वडापावच्या गाडीवरचा तळणाचा वास, फुलवाल्याच्या टोपलीतला मोगरा या खुणा मोलाच्या असल्या तरी त्या दिवसाच्या वेळेवर आणि वारावर अवलंबून असतात. दुकान बंद असले म्हणून माणसाने रस्ता चुकू नये, यासाठी प्रत्येक वाटेवर निदान काही पक्क्या खुणा हव्यात. भिंत, कठडा किंवा पदपथाची कड काठीने धरून चालणे, हाही दिशा टिकवण्याचा हुकमी उपाय आहे. कारण नजरेचा आधार सुटला की सरळ चालणे माणसाला जमत नाही: जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतील यान सौमन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिले, की डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस माणसे सरळ चालण्याचा प्रयत्न करतानाही वर्तुळात फिरू लागतात, आणि ती वर्तुळे कधी कधी 20 मीटर व्यासाइतकी लहान असतात. मोकळे मैदान अंध माणसाला गजबजलेल्या गल्लीपेक्षा कठीण वाटते ते यामुळेच.

रस्ता ओलांडताना हा कल जिवावर बेतू शकतो. शिकवण्याची रीत अशी, की प्रथम पदपथाच्या कडेला पाय समांतर लावून शरीराची रेषा पक्की करावी, मग आपल्या समोरून आडवी जाणारी वाहने आणि आपल्या चालण्याच्या दिशेने समांतर जाणारी वाहने यांचे आवाज वेगळे करावेत, आणि आडवी वाहतूक थांबून समांतर वाहतुकीने उसळी घेतली की त्याच क्षणी निघून, तोच आवाज बाजूला ठेवत सरळ पलीकडे जावे. शिस्तीच्या चौकात हे तंत्र उत्तम चालते. ज्या चौकात दुचाक्या उलट्या दिशेने येतात, हॉर्नच्या गदारोळात इंजिनाचा आवाज बुडतो आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या जवळजवळ निःशब्द येतात, तेथे ते अपुरे पडते. कमी वेगात अशा गाड्यांनी कृत्रिम आवाज केलाच पाहिजे असा नियम युरोपात 2019 पासून नव्या बनावटीच्या गाड्यांना लागू झाला, तो अंधांच्या संघटनांनी लावून धरल्यामुळे. महाराष्ट्रातील शहरांत मोठे रस्ते ओलांडताना मदत मागणे हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि त्यात स्वातंत्र्याला उणेपणा येत नाही, कारण मदत केव्हा घ्यायची आणि कशी घ्यायची हे अंध व्यक्तीच ठरवत असते.

मदतीची रीत मात्र फार थोड्या डोळसांना ठाऊक असते. दंड पकडून पुढे ढकलणे, काठीचे टोक धरून ओढणे, न विचारता पलीकडे नेऊन सोडणे, हे सगळे सद्भावनेने घडते आणि सगळेच धोकादायक असते, कारण ढकलला जाणारा माणूस पायरीवर मदतनीसाच्या आधी पोहोचतो आणि ओढल्या जाणाऱ्या माणसाच्या काठीकडून त्याला काहीच कळत नाही. योग्य रीत उलटी आहे. अंध व्यक्तीने मदतनीसाचा हात कोपराच्या जरा वर धरायचा आणि त्याच्या अर्धे पाऊल मागे चालायचे. मग मदतनीस चढला, उतरला, वळला वा थांबला की त्याच्या हाताच्या हालचालीतून ते न बोलता आधी समजते. वाट अरुंद असेल तर मदतनीसाने तो हात पाठीमागे न्यावा, म्हणजे मागच्या व्यक्तीला ओळीत यायचे आहे हे कळते. स्त्रियांच्या दृष्टीने या पकडीचे महत्त्व आणखी आहे: कोण कोणाला धरणार हे त्यांच्या हातात राहते, आणि सोडायचे तेव्हा सोडता येते. ‘दादा, तुम्ही मला धरू नका, मी तुमचा हात धरते’ हे वाक्य ठाम आवाजात म्हणायला शिकवणे हा मुलींच्या प्रशिक्षणाचा भाग असलाच पाहिजे.

रस्त्यानेही आपला वाटा उचलायला हवा. रेल्वे स्थानकांत आणि पदपथांवर दिसणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या जपानमधील सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये, दृष्टी जात असलेल्या एका मित्रासाठी, तयार केल्या आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवल्या गेल्या. लांबट रेषांची फरशी म्हणजे या दिशेने चला, गोल ठिपक्यांची फरशी म्हणजे थांबा, पुढे कड, वळण किंवा धोका आहे. पिवळा रंग अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. भाषा एवढी सोपी असूनही अनेक ठिकाणी रेषांच्या जागी ठिपके बसवले जातात, फरशीची रांग विजेच्या खांबावर जाऊन संपते, किंवा तिच्यावर दुचाक्या उभ्या राहतात; चुकीची फरशी नसलेल्या फरशीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस फसतो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत पुढचे स्थानक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत जाहीर होते, ती सोय मूळ कोणासाठीही असो, दृष्टिबाधित प्रवाशाला मोजलेली स्थानके विसरण्याची मोकळीक तिने दिली आहे.

या शिक्षणाची सुरुवात मात्र फार लवकर, घरातच व्हायला हवी. अंध बाळाला वस्तू दिसत नसल्यामुळे तिच्याकडे रांगत जाण्याची ओढ लागत नाही. आवाज करणारे खेळणे थोड्या अंतरावर ठेवून ती ओढ निर्माण करावी लागते. त्याऐवजी ‘पडेल’ म्हणून मूल कडेवरच राहते, पुढे सगळे हातात आणून दिले जाते, आणि अठराव्या वर्षी महाविद्यालयासाठी पुण्यामुंबईला आलेल्या हुशार विद्यार्थ्याला वसतिगृहापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याने जाता येत नाही. निवासी अंधशाळांत आवारातला प्रत्येक जिना पाठ असलेली मुले फाटकाबाहेर अडखळतात, तेही याच कारणाने. आईवडिलांची भीती खरी असते आणि तिचा आदर राखूनच बोलायला हवे; तरीही लहानपणी खरचटलेला गुडघा आठवड्यात भरून येतो, न शिकलेल्या चालण्याची किंमत आयुष्यभर चुकती करावी लागते.

प्रशिक्षणाच्या अखेरीस अनेक केंद्रांत एक परीक्षा असते. विद्यार्थ्याला गाडीतून फिरवत फिरवत त्याला न सांगितलेल्या जागी उतरवतात, आणि तेथून त्याने एकट्याने केंद्रावर परतायचे असते. ऊन चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला लागते, मोठ्या रस्त्याचा आवाज कोणीकडून येतो, उतार कोठे नेतो, बसमधून उतरलेली माणसे कोणत्या दिशेने पांगतात, यांवरून तो आधी दिशा ठरवतो आणि मग वाट. अमेरिकेतील काही केंद्रांत या परीक्षेत वाटेत एकच प्रश्न विचारण्याची मुभा असते. भारतातल्या रस्त्यांवर असे बंधन घालण्यात अर्थ नाही, येथे विचारले की चारजण उत्तर देतात. शिकायचे असते ते प्रश्न घडवण्याचे कसब. ‘पोस्ट ऑफिस कुठे आहे?’ असे विचारले की ‘हे काय, इकडून सरळ जा आणि तिकडे वळा’ असे उत्तर येते आणि सांगणाऱ्याचे बोट हवेत राहते. म्हणून प्रशिक्षक विद्यार्थ्याला आधी ज्या दिशेने आपले तोंड आहे ती दिशा पक्की करायला लावतात आणि नंतर असे विचारायला शिकवतात, की ज्याचे उत्तर बोटाने देता येणार नाही: ‘काका, मी आता उभा आहे तसाच सरळ गेलो, तर पोस्ट ऑफिस माझ्या डाव्या हाताला येईल की उजव्या, आणि त्याच्या आधी किती गल्ल्या लागतील?’